पोटावर वाळणारे मोजे

रायपूर स्टेशनाबाहेर पडले आणि पहिली फजिती झाली. पत्ता शंकर नगरचा सांगितला होता, पण रिक्षावाल्याने मला सदर बाजारातल्या गर्दीत एका सराफाच्या दुकानापुढे उतरवलं. राजधानी होऊन दोन-तीनच वर्षं झालेली. "दीदी, रोज नया रास्ता बंद कर देते हैं," असं म्हणून त्याने सगळं खापर नव्या राज्यावर फोडलं आणि मला पुन्हा रिक्षात बसवलं.

इथल्या मराठी मंडळाने मला युद्धकवितांवर बोलायला बोलावलं होतं. मुक्काम नलिनीताईंकडे. यजमान रेल्वेत, घर मूळचं अमरावतीकडचं. जेवायला गरम फरा (तांदळाच्या पिठाचे उकडलेले मुटके) आणि टोमॅटोची चटणी होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा ताई बोलल्या.

"तुमाले माझ्या घरी उतरवा, असं मीच मंडळात सांगतलं. आमचा पंकज फौजेत आहे, वर बर्फात. तिथं कसा राहते, काय खाते, काही सांगतच नाही पोट्टा. इचारलं का 'सब ठीक है आई' म्हणते अन् फोन ठेवते. कवितेत तरी असंन न लिहिलेलं?"

लिहिलेलं होतं. तेच तर संकट होतं.

संध्याकाळी सभागृहाच्या दारात कार्यवाहांनी मला गाठलं. "जोशवाल्या घ्या बरं का मॅडम! लोक खुश होऊन घरी गेले पाहिजेत." तसल्या कवितांचा मला मनापासून कंटाळा आहे. त्यांतला जवान सदा गर्जत असतो. त्याला भूक नाही, थंडी नाही, पोटही बिघडत नाही. तरी त्यातल्या दोन वाचल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग पिशवीतून फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदाराची कविता काढली. पहिल्या रांगेत ताई बसल्या होत्या. वाचू की नको, मला खरंच कळेना. भीती वाटत होती, तरी वाचली. तीत शत्रू कुठेच नाही. ओले मोजे सदऱ्याच्या आत पोटावर ठेवून वाळवायचे, बर्फ वितळवून केलेल्या चहाला रॉकेलचा वास, जेवण समोर असून न लागणारी भूक, आणि चिमटा काढला तरी न कळणारी पायाची बोटं. टाळ्या तुरळक वाजल्या. ताईंनी वाजवल्याच नाहीत.

सकाळी पोहे-जिलेबीच्या बशा पुढे आल्या आणि फोन वाजला. ताईंनी धावत जाऊन उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "सब ठीक है, आई."

"मोजे कुठं वाळवतं रे तू? पोटावर?"

"आपको किसने बताया?" आणि मग पंकज बोलत सुटला. ताई फक्त "हव... हव" म्हणत राहिल्या. लाइन तुटली तेव्हाच तो थांबला.

"दोन बोटं सुन्न आहेत म्हणे त्याचे," ताई खाली बसत म्हणाल्या. "तुमी ते वाचलं नसतं तर बरं झालं असतं, ताई." मग त्यांनीच विचारलं, "तशा आणखी आहेत काय तुमच्यापाशी?"

होत्या तेवढ्या सगळ्या मी त्यांच्या हाती दिल्या.

दुपारच्या गाडीने नागपूरला निघाले. रायपूरबाहेरच्या कारखान्यांच्या चिमण्या मागे पडेपर्यंत त्या हवालदाराला काय कळवावं, याचाच विचार करत होते. तुमची कविता रायपूरला एका आईने पडताळून पाहिली. खरी निघाली.