विमानाचं कार्ड

बाळांनो, दर रविवारी तुम्ही फोनवर विचारता, "आजी, विमानाच्या तिकिटासाठी क्रेडिट कार्ड कुठलं घेतलंस?" आणि मी विषय बदलते. तोंडानं सांगवत नाही, म्हणून आज लिहिते.

इथं कुंभकोणमच्या बँकेत कार्डांच्या टेबलाशी एक मुलगी बसते. केसांत मोगरा, समोर दोन पत्रकं. एका कार्डाचे पॉइंट कुठल्याही विमानाला चालतात. दुसऱ्याचे एकाच कंपनीला, पण त्यावर विमानतळावर आरामाची खोली आणि जेवण फुकट. आम्ही दोघं गेलो तेव्हा ती तमिळमध्ये सावकाश समजावत होती. वर्षाची फी आली की तिथं नख टेकवून मी वाचेपर्यंत थांबत होती.

मला ते नाटक वाटलं. मी तुमच्या आजोबांकडे वळून, इथं तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेल्या आपल्या मराठीत म्हणाले, "महागातलं गळ्यात मारणार ही. विमानाचं तोंड तरी पाहिलंय का हिनं?" बाहेर आपलं बोलणं कुणाला कळत नाही, ही आपल्या घरची जुनी खात्री.

मुलीनं पत्रकांच्या कडा जुळवल्या आणि आपल्याच मराठीत म्हणाली, "विमान खालूनच पाहिलंय, आजी. माझी आईही दुकानात गेली की असंच बोलते, कुणाला कळणार नाही म्हणून." वर हसली.

आजोबा पंख्याकडे पाहू लागले. मला माफी मागता आली नाही, तिचं घर कुठलं हेही विचारता आलं नाही. "विचार करून सांगते," असं तमिळमध्ये पुटपुटून मी उठले.

कार्ड घेतलेलं नाही. त्या टेबलाशी परत जायची लाज वाटते. पण आपली भाषा या गावात आपल्या उंबऱ्याबाहेरही अजून बोलली जाते.