चुलीच्या पाइपावरचे दोन कॉक

जाऊबाईंनी मला पहिल्यांदा ‘फुकटी’ म्हटलं ते गरम पाण्यावरून.

शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला आमचं घर. एकाच स्लॅबखाली दोन बिऱ्हाडं, मध्ये एक दार. पुढच्या बाजूला मी आणि माझी शाळेत जाणारी मुलगी, मागच्या बाजूला थोरले दीर आणि जाऊबाई. माझा नवरा सैन्यात, सुट्टी मिळेल तेव्हा घरी. सासरेही सैन्यातूनच निवृत्त झालेले. त्यांना आम्ही मामा म्हणतो. ते जेवायचे थोरल्यांकडे आणि हुकूम दोन्हीकडे सोडायचे.

स्लॅबवर दोघांत मिळून पाणी तापवायचा एक सोलर होता. पण पावसाळ्यात आमच्याकडे ऊन दिसत नाही आणि टाकीतलं पाणी गारढोण होतं. मागच्या पडवीत जाऊबाईंची चूल मात्र रोज पेटलेली. तिची धग वाया जाते, ती टाकीला जोडायची, असं मामांनी ठरवलं. वेल्डरकडून लोखंडी पाइपाचं वेटोळं करून आणलं, चुलीत बसवलं आणि तिथून दोन पाइप वर टाकीला नेले. एकातून गार पाणी खाली यायचं, दुसऱ्यातून तापून आपोआप वर चढायचं.

“ह्या दोन पायपांवर कॉक बसवायचा न्हाई,” मामांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं. “पाण्याची वाट बंद झाली तर चूल फुटंल.”

पाणी छान तापायला लागलं. मुलगी सकाळी कुरकुर न करता अंघोळीला जायला लागली. आणि जाऊबाईंच्या पोटात दुखायला लागलं.

“लाकडं मी फोडायची, धूर मी खायाचा, आन् ह्या मायलेकी फुकट अंघुळी करणार! फुकटी कुठली!”

मी लाकडाची मोळी नेऊन दिली, ती त्यांनी अंगणात भिरकावली.

मामा नणंदेकडे उंब्रजला गेले, तेवढ्यात जाऊबाईंनी प्लंबर बोलावून गरम पाणी वर नेणाऱ्या पाइपाला कॉक बसवून घेतला. तो बंद केला तर पाइपात धडधड व्हायला लागली आणि पाणी तरीही थोडं तापायचंच. मग गार पाण्याच्या पाइपालाही कॉक बसला. मी मागे जाऊन दोन्ही उघडले आणि म्हटलं, “आक्का, मामा काय म्हणाले होते? चूल फुटली म्हणजे?”

“चूल माजी हाय. तुला काय करायचंय?”

दुसऱ्या दिवशी बघते तर दोन्ही कॉक पुन्हा बंद, आणि त्यांच्या दांड्याच काढलेल्या. मी पक्कड आणायला घरात वळले आणि मागे धडाका झाला.

पडवीत राख आणि वाफ. चुलीची एक बाजू उडाली होती. जाऊबाई भिंतीला टेकून ओरडत होत्या, उजवा पाय गुडघ्यापासून खाली भाजलेला. दीर उसाला पाणी पाजायला गेलेले. मी पायावर गार पाणी ओतत राहिले, मग त्यांना स्कूटीवर बसवून शिराळ्याला निघाले.

“मुद्दाम खड्ड्यात घालतीस व्हय?” मागून त्या कण्हत म्हणाल्या. मी दात आवळून गाडी चालवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? जाऊबाईंनी माझ्याकडे बोट केलं. “हिनं कॉक बंद केलता.”

तेवढ्यात पातळ सैल करताना नर्सच्या हाताला त्यांच्या कमरेची पिशवी लागली. तिने ती सोडून टेबलावर ठेवली. आतून दोन पिवळ्या दांड्या बाहेर आल्या. जाऊबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला वाटलं, आता तरी हे मिटलं. पण संध्याकाळी दीर दारात उभे राहून ओरडले, “तुझ्या अंघुळीपायी माझी बायकू जळाली!” सगळी गल्ली ऐकत होती. मी दांड्यांचं सांगितलं, तर ते म्हणाले, खोटं बोलतीस.

मामा उंब्रजहून आले. त्यांनी बघितलं, त्यांना सगळं कळलं. हेक्सॉ घेऊन त्यांनी दोन्ही पाइप कापले, टाकीकडची तोंडं बंद केली आणि हात धुतले. थोरल्या मुलाला एका शब्दानं बोलले नाहीत.

“मामा, कुणी काय केलं ते सांगा की त्यांना.”

“घरातलं घरात ऱ्हाऊ दे.”

“मग मी कुणाच्या घरातली?”

ते उठून गेले. जाऊबाईंपेक्षा मला त्यांचा राग जास्त आला, आणि तो अजून आहे. फोनवर नवराही म्हणाला, जाऊ दे. मी फोन ठेवून दिला.

जाऊबाईंचा पाय बरा झाला. लग्नकार्यात त्या अजून पातळ वर करून डाग दाखवतात आणि माझं नाव घेतात. मी तांब्याचा बंब आणून माझ्या दाराशी ठेवला आणि दिवाळीआधी दोन बिऱ्हाडांमधलं दार विटांनी बुजवून घेतलं. गिलावा ओला असतानाच मामा आले.

“कुणाला इचारून केलंस?”

“कुणालाच नाही,” मी म्हटलं आणि गवंड्याला चहा द्यायला आत गेले.