तळाचा घोट
कुलूपवाल्या आप्पांना सर्दी झाली तेव्हा पहिला संशय त्यांनी उघड्या खिडकीवर घेतला आणि दुसरा सुनेवर. खिडकी लावून टाकता आली. सुनेचं काय करणार?

माणूस वाईट नव्हता हो. पण जन्म गेला दुसऱ्यांची कुलपं उघडून देण्यात. कुठलंही दार चुटकीसरशी उघडतं हे ज्याला ठाऊक, त्याचा विश्वास बसणार तरी कशावर? मुलगा परगावी नोकरीला, घरात सासरा आणि सून दोघंच. त्यात शेजाऱ्यानं कान फुंकले, “हल्ली म्हाताऱ्यांना गुंगीचं पाजून सह्या घेतात बरं.” झालं, संशयाचं भूत मानगुटीवर बसलं.

सून बिचारी आलं ठेचून, मिरे घालून काढा उकळायची, मध घालून पेला पुढे धरायची. नाक चोंदलेलं, त्यामुळे आप्पांना चव म्हणून लागेना. जी चव लागत नाही तिच्यात काय दडलंय कुणी सांगावं?

“आधी तू पी.”

“आप्पा, मला कुठे खोकला आहे?”

“असू दे. घोटभर घे.”

ती घ्यायची. तिच्या पापण्या जड होतात का, हे आप्पा बघत बसायचे. मग निम्मा पेला ते स्वतः प्यायचे आणि थबकायचे. गुंगीचं तळाशी बसत असेल तर? म्हणून त्याच पेल्यातला तळाचा एक घोट पुन्हा सुनेला.

“मला वेगळ्या पेल्यात द्या ना. सोमवारी आवाजाची चाचणी आहे.”

बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करायची ती नोकरी. पोरगी वर्षभर तिच्यावर डोळे लावून बसलेली. आप्पांनी मान हलवली. पेला बदलला की माल बदलला! पळवाट काढतेय, दुसरं काय?

आप्पांचा खोकला ओसरला आणि रविवारी सुनेचा घसा धरला. नाटक, आप्पा मनात म्हणाले, आणि चोरपावलांनी स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभे राहिले. ती भिंतीकडे तोंड करून “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं” म्हणायला बघत होती. ‘प्रवाशांनी’च्या पुढे आवाज जाईना. तिनं डोळे पुसले. कुणी बघत नसताना कोण नाटक करतं? आप्पांनी पाणी तापत ठेवलं. मग वाफ काय, मिठाच्या गुळण्या काय, सगळं स्वतःच्या हातानं केलं. तहान लागल्यावर विहीर खणायची, तसलाच प्रकार.

सोमवारी ते तिच्याबरोबर गेले. तिच्या तोंडून शब्द फुटेना तेव्हा पुढे झाले. “साहेब, माझ्यामुळे झालंय हे. माझा उष्टा काढा पाजला मी तिला, संशयापोटी. चार दिवसांनी ऐका तिचा आवाज.”

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “काका, प्रत्येकाबरोबर कुणीतरी येतं आणि असलंच काहीतरी सांगतं. कशावरून खरं मानू?”

आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

जिन्यात आप्पा म्हणाले, “चुकलं गं पोरी माझं.” सून काहीच बोलली नाही. बसलेल्या घशामुळे गप्प आहे की रागानं, ते त्यांना कळेना, आणि विचारायची हिंमत होईना.