रोलरवर ओतलेलं पाणी

जुनं मशीन विकायचं तर ते गार दाखवावं लागतं. गिऱ्हाईक आलं की पहिला तळहात इंजिनाच्या हेडवर ठेवतं. गरम लागलं की ओळखतं, शेठनं सकाळीच चालवून ठेवलंय, म्हणजे गार असताना हे उठत नाही. म्हणून आम्ही मशीन तासभर चालवून बंद करायचो आणि वर ओली गोणपाटं टाकायचो. दोन तासांत वरून गार, आतून ऊबदार. गिऱ्हाइकाचा हात फसायचा, आणि हँडल मारलं की इंजिन एका दमात उठायचं. धंद्यातले सगळेच करायचे. मीही केलं. गोणपाटं भिजवून द्यायची माझी बायको.

ती जाऊन सात महिने झाले. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण एक गोष्ट तिच्यावर खोटी लागलीय, ती माझ्याशिवाय कोण खोडणार?

सन ऐंशीच्या पुढची वर्षं. खाडीत भराव टाकून नवीन शहर उठत होतं, जिकडं बघावं तिकडं रस्ते. रोलर, डंपर, बुलडोझर, सगळ्याला गिऱ्हाईक. नवं घ्यायची ऐपत थोड्यांची. मी लिलावातली जुनी मशीनं घ्यायचो, दुरुस्त करायचो, रंग मारून विकायचो. तुर्भ्याच्या बाजूला, ठाणे-बेलापूर रोडला माझं पत्र्याचं शेड होतं. मागं दोन खोल्यांत आमचा संसार. तिच्या स्टोव्हपासून मशीन दहा पावलांवर.

एकदा घणसोली गावातला एक माणूस रोलर बघायला येणार होता. शेतजमीन शहरात गेलेली, आता रस्त्याची कामं घेऊन पोट भरू म्हणत होता. अकराची वेळ ठरलेली. रोलर जुना होता, पण वाईट नव्हता. नीट सांगून विकला असता तरी गेला असता. पण सवयीनं मला राहवलं नाही. सकाळी चालवला, बंद केला, आणि गोणपाटं आणायला वळतो तर साडेनवालाच रस्त्यावर तो माणूस टेम्पोतून उतरताना दिसला. बरोबर त्याची म्हातारी आई, नऊवारी खोचलेली, पुढं ती आणि मागं तो.

इंजिन चटका बसेल असं तापलेलं. मी बायकोला हाक मारली, "अगं, बादली आण. ओत."

ती बादली घेऊन आली आणि थांबली. म्हणाली, "अहो, हे बिडाचं ना? बिडाच्या तापल्या तव्यावर पाणी पडलं तर तवा तडकतो."

"तू भाकऱ्या थाप. मशीनचं मला शिकवू नको. ओत म्हटलं ना!"

तिनं ओतलं. वाफ उठली आणि आतून टक् असा आवाज आला. बारीकच. तिनं माझ्याकडं बघितलं. मी फडक्यानं हेड पुसायला लागलो.

म्हातारी आली ती सरळ इंजिनाकडं. पोराचा ताप बघावा तसा हात ठेवला. "गार हाय. पन वली कशाला?"

"तुमच्यासाठी धुतली, आजी."

"आमी काय नवरी बघाला आलोय?"

सगळे हसलो. हँडल मारलं, रोलर उठला, सौदा झाला. बायकोनं चहा दिला, पण म्हातारीनं "बाय, बस गो जरा" म्हटलं तरी ती बसली नाही.

आठ-दहा दिवसांनी दोघं परत आले. शेडात त्या वेळी धंद्यातले दोन दलाल बसले होते. म्हातारीनं पिशवीतून काचेची बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. आत इंजिनातलं ऑइल, दुधाच्या चहासारखं झालेलं. हेडला चीर गेली की पाणी ऑइलात उतरतं आणि त्याचा रंग असा होतो.

"तुजे मशीनीनं चाय केलीय," म्हातारी म्हणाली. "पी."

पोरगा म्हणाला, "शेठ, मिस्त्रीनं हेड उघडलं. चीर ताजी हाय. तुमी कायतरी केलंय."

दलाल माझ्या तोंडाकडं बघत होते. या धंद्यात जुनं मशीन विकलं म्हणून कुणी नाव ठेवत नाही. पण तापल्या हेडवर पाणी मारणारा म्हणजे अडाणी, त्याच्याकडं परत कोण येणार? बायको खोलीच्या दारात उभी होती. मी बोट केलं तिच्याकडं.

"मी म्हणालो होतो ओली गोणपाटं टाक. हिनं बादलीच ओतली. बाईमाणूस, तिला काय कळतंय?"

म्हातारी तिच्याजवळ गेली. "बाय, तुनी वतलंस?"

बायको म्हणाली, "हो. माझ्याच हातनं झालं."

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "घरात बाय असली तं बरं असतं रं बाबा," म्हणाली. "दोष ठेवाला जागा मिलते."

मी दुसरं हेड आणून बसवून दिलं. रोलर पुढं कैक वर्षं चालला, त्यांचं काम भागलं. माझं नाव राहिलं. पण दलालांना एक गंमत मिळाली. बायको पाण्याचे पेले घेऊन आली की एकजण म्हणायचा, "वहिनी, पेल्यात द्या हां, आमच्यावर ओतू नका!" ती हसायची. मीही हसायचो. शेड बंद करेपर्यंत हे चाललं. पुढं खारघरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तिथं मीच एकदा सुनेला तो किस्सा सांगितला, माझ्या सोयीचा. बायको आत कणीक मळत होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार. तिनं कणीक मळली.

त्या रात्री तिला विचारायचं होतं, तू तेव्हाच का बोलली नाहीस? विचारलं नाही. तिनं मला चारचौघांत खाली बघायला लावलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी तिला लावलं होतं.

शेवटच्या आजारात तिला ताप उतरत नव्हता. एक दुपार मी कपाळावर ओली पट्टी ठेवत होतो. ती डोळे मिटूनच म्हणाली, "हळू हो. तडकायचं डोकं."

मी पट्टी उलटली. मग म्हणाली, "ओत कोण म्हणालं होतं हो तेव्हा?"

खोलीत आम्ही दोघंच. ना दलाल, ना गिऱ्हाईक. दोनच शब्द बोलायचे होते, "मी म्हणालो." मी काय बोललो? "राहू दे आता ते जुनं. पड गप."

ती गप पडली. चार दिवसांनी गेली.

मागच्या महिन्यात रिक्षा करून घणसोली गावात गेलो. म्हातारी केव्हाच गेली. तिचा मुलगा आता माझ्याएवढाच म्हातारा, टॉवरच्या सावलीत ओटीवर बसलेला. ओळख पटायला वेळ लागला. मग म्हणाला, "रोलरवाले शेठ! बसा, चाय सांगतो." मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की पाणी ओत असं मीच म्हणालो होतो, ती नको म्हणत होती, मी दटावलं.

तो म्हणाला, "माहीत हाय ना. आई तवाच बोलली, टेम्पोत बसल्याबसल्या. बाई खोटी नाय, शेठ खोटा हाय."

मी खाली बसलो.

"वहिनींना बोललात हे?" त्यानं विचारलं.

"नाही. ती गेली."

त्यानं माझ्याकडं बघितलं. चिडून नाही, नवल करावं तसं.

"मंग मला कशाला सांगता, शेठ?" म्हणाला.