दारुहळदीवाल्याची दीडची गोळी

महाराज बाड्याच्या बाजारात एक जडीबुटीवाला दारुहळदीच्या मुळ्या विकायचा. सफरचंदाच्या दोन फोडी करून एकीवर मुळ्यांचा काढा चोळायचा. कोरी फोड तपकिरी पडली की म्हणायचा, "शरीर में भी ऐसे ही जंग लगता है. इस जड़ का अल्कलॉइड रोकता है."

बायकोने बीपीच्या गोळ्या सोडून काढा सुरू केला. मला संशय आला. घरी घड्याळ लावून तीन फोडी तपासल्या: एक कोरी, एक काढा चोळलेली, एक लिंबू चोळलेली. काढ्याची खरंच कमी काळवंडली, लिंबाची त्याहून कमी.

"म्हणजे काढा काम करतो, तुम्हीच सिद्ध केलंत!" बायको म्हणाली.

मग मी त्याच्यावरच पाळत ठेवली. रोज दुपारी दीडला तो गिऱ्हाइकांकडे पाठ करून, पिवळी बोटं पुसून एक गोळी गिळायचा.

"किसकी गोली?" मी विचारलं.

"बीपी की."

"और काढ़ा?"

तो हसला. "बाबूजी, सेब को बीपी थोड़े ही होता है."

दुसऱ्या दिवशी बायकोला त्याच्या बीपीच्या गोळीचं सांगून मी तिला दीडला तिथे नेलं. त्याने आधी मला पाहिलं, मग तिला, आणि पाठ न करता गोळी गिळली.

परतताना ती औषधाच्या दुकानात शिरली. त्याने गोळी तिच्यादेखत मुद्दाम गिळली की सहज, याबद्दल मला अजून शंका आहे.