ओळीने भरलेला कागद

उदासी मोजायचे नऊ प्रश्न आमच्या गावात आले तेव्हा उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता. मी गावची आशा सेविका. तालुक्याला बोलावून आम्हाला प्रत्येकी एक समोसा, अर्धा कप चहा आणि वीस कागद दिले. कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'स्वतः भरावा'. आठ दिवसांत आणून द्यायचे होते.

आता आमच्याकडे स्वतः कोण काय करतं? बांधीत, धानाच्या चिखलात, वीस बाया एका ओळीत वाकतात, एका तालात मागे सरकतात आणि एकीला काही विचारलं की उत्तर ओळ देते. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून प्रश्न वाचायची आणि चिखलातून उत्तर यायचं. थकवा वाटतो का? रोजच. झोप लागत नाही का? कंबर लागू देईल तर लागेल. कशात लक्ष लागत नाही का? लागतं, डबा कधी उघडतो याच्यात. मी प्रामाणिकपणे खुणा केल्या. बेरीज केली तर वीसच्या वीस बाया आजारी निघाल्या.

तालुक्याच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "पूरा गाँव ही उदास है क्या? परत भरा." कामाचा थकवा धरायचा नाही, मनाचा तेवढा धरायचा म्हणे. तो वेगळा कसा काढायचा, हे काही त्यांना सांगता येईना.

मी पुन्हा धुऱ्यावर गेले आणि या वेळी उत्तरं कशी हवीत ते आधीच सांगून टाकलं. ओळ शहाणी. सगळ्याला 'नाही'. मरून गेलेलं बरं असं वाटतं का, हा शेवटचा प्रश्न वाचला तेव्हा तर सगळ्या खो खो हसल्या. टोकाची एक हसली नाही. मी तिच्याकडे पाहत होते, तेवढ्यात बाकीच्याच म्हणाल्या, तिला काय धाड भरली, नवरा पीत नाही, दोन लेकरं आहेत. मी तिच्या कागदावरही 'नाही' केलं. दिसलं होतं, तरी केलं. गावाचा अहवाल निरंक गेला आणि बैठकीत माझं कौतुक झालं.

तीन दिवसांनी ती माझ्या दारात उभी होती. "बाई, मायावाला कागद परत भरता येते का? त्या दिशी मी बोललीच नाही."

मला माझीच लाज वाटली. तिला आत घेतलं, दार लोटलं आणि कागद-पेन तिच्या हातात दिलं. ती चौथी शिकलेली, बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेली. शेवटच्या प्रश्नापुढे तिने 'जवळपास रोज' वर खूण केली आणि कागदाची नीट घडी करून मला दिली. तिला विचारून मी तिच्या नवऱ्याला बोलावलं आणि हिला एकटं सोडू नको म्हणून बजावलं. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, निरंक अहवाल वर गेलाय, आता बदलता येत नाही. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तिला गोंदियाला घेऊन गेले.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तोच नऊ प्रश्नांचा कोरा कागद काढला. तिच्याकडे पाहून विचारलं, "झोप लागते का?"

"नाही लागत जी," मी म्हणाले. "दिवसभर वाकून कंबर..."

तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या बाई. मी सांगतो."