तांबड्याची दुपारची पहाट

कोंबडे झुंजवणाऱ्या कोलूने लटारूचे तीन कोंबडे खाल्ले होते, आणि दर वेळी पिसं लटारूच्याच अंगणात आणून टाकली होती. धानोऱ्याकडच्या कोंबडबाजाराचा नियमच तो: झुंजीत मेलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी शिजतो. चौथा, तांबडा, लटारूच्या बायकोने, भागीरथाने, पिल्लू असल्यापासून पदराखाली ऊब देऊन वाढवलेला. भागीरथा म्हणाली, "ह्याले कोलूनं खाल्लं, तं मी माह्या बापाच्या घरी जाईन."

लटारू गडचिरोलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होता. फळमाश्यांच्या बाटल्या धुवायच्या, केळी कुस्करून त्यांचं खाणं शिजवायचं. साधना मॅडम पोरांना शिकवत, ते त्याच्या कानावर पडे. माशीच्या अंगातच घड्याळ असतं. दिव्याने तिची पहाट सरकवता येते. एका जनुकात बिघाड झाला की ते घड्याळ बंद पडतं, आणि मादीपुढे एक पंख पसरून नर गातो, त्या गाण्याचा ठेकाही त्याच जनुकापायी चुकतो. लटारूने घड्याळ तेवढं उचललं. गाणं सोडून दिलं.

कोंबडा पहाटे चवताळलेला असतो, बाजार भरतो दुपारी. लटारूने तांबड्याला सकाळभर पोत्यांनी झाकलेल्या खुराड्यात काळोखात ठेवायचं, दुपारी बल्ब लावायचा, तो रात्र चढेपर्यंत जळता ठेवायचा, असं सुरू केलं. महिन्याभरात तांबडा भर दुपारी आरवू लागला.

बाजारात टोपलीवरचं घोंगडं काढताच त्याने बांग दिली.

"काऊन रे लटारूभाऊ, आत्ता उठला काय तुझा कोंबडा?" कोलू हसला. "तोंड तं धुऊन दे त्याले!"

पायांना धारदार पाती बांधली. पहिल्या झेपेत तांबड्याने कोलूच्या काळ्याचा डोळा फोडला, दुसरीत मान चिरली. पुढे बसलेल्यांच्या सदऱ्यांवर रक्त उडालं. काळा गरगरत राहिला. आता एकच झेप हवी होती.

तेवढ्यात कडेला पाय बांधून विकायला ठेवलेली एक कोंबडी कुकुरली. तांबडा वळला. एक पंख मातीला टेकवून तो तिच्यापुढे गोल गोल नाचू लागला. त्याची पहाटच होती ती. असा एक पंख पसरलेला नर लटारूने बाटल्यांत रोज पाहिला होता.

"मांगं पाह्य! मांगं!" तो किंचाळला.

काळ्याचं पातं मागून पोटात शिरलं. आतडी बाहेर आली.

"आण इकडे," कोलू म्हणाला. "नवरदेव हाय, हळद लावूनच शिजवतो."

लटारूने तांबड्याची मान धरली आणि तो कोलूच्या तोंडावर हाणला. पायाचं पातं तसंच होतं. कोलूचा गाल कानापासून ओठापर्यंत फाटला, आतले दात दिसले. मग कोलूच्या माणसांनी लटारूला खाली पाडून तुडवलं, दगडांनी ठेचलं. बरगडी मोडली तरी त्याने पोटाशी दाबलेला कोंबडा सोडला नाही. शेवटी लाथांनी कोंबड्याचा असा चेंदामेंदा झाला की कोलूच्या माणसांनीही तो उचलला नाही.

संध्याकाळी लटारू फरफटत घरी आला. भागीरथाने त्याच्या हातातला लगदा पाहिला.

"खाल्लं काय त्यानं?"

"नाई," लटारू फुटक्या ओठांनी म्हणाला.

तिने खुराड्यात तांबड्यासाठी लावून ठेवलेला, तापलेला बल्ब पदराने धरून काढला, भिंतीवर फोडला, आणि त्याच्या जखमा धुवायला चुलीवर पाणी ठेवलं.